समोर बघून बोलणारी

माझ्या भाचीला मी लहानपणापासून भोंगा म्हणते. वहिनीला ते आवडायचं नाही. पण पोरगी तीन-चार वर्षांची असताना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "बाबा, दूध उतू जातंय" असं काही ओरडली की खालच्या मजल्यावरच्या बायकासुद्धा आपापल्या गॅसकडे धावल्या. त्या दिवसापासून वहिनीनंही हात टेकले. भोंगा ती भोंगाच राहिली.

तिच्या ओरडण्याला कारण होतं. माझा भाऊ, म्हणजे दादा, पत्र्याच्या मोठाल्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. टाकीच्या आत बसायचं आणि बाहेरून कोणी हातोडा मारला की आतून ठोकळा धरायचा, हे त्याचं तरुणपणीचं काम. मोठ्या घंटेत डोकं घालून वर्षानुवर्षं बसावं तसं ते होतं. कान हळूहळू गेले. आधी पक्षी गेले, मग फोन गेला, मग आम्ही गेलो. भोंगा शाळेच्या वरच्या वर्गात जाईपर्यंत ओरडून काही उपयोग नाही हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यातून त्याला नुसता खडखडाट ऐकू यायचा. ते कपाटात पडलंय. दादा माणसाच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकला आणि त्यात इतका तयार झाला की समोरच्या गच्चीवरची भांडणं तो आम्हाला घरबसल्या सांगायचा.

तेव्हा वहिनीनं घरात कायदे केले. दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही. बोलण्याआधी दिवा लावायचा. टेबलावर बोटांनी टकटक करायची, म्हणजे लाकडातून त्याच्या हाताला कळतं. मग समोर यायचं, तोंडासमोर हात धरायचा नाही, आणि आधी विषय सांगायचा. "गॅस. संपत आलाय." "शेजारचे काका. उद्या गावाला चाललेत." शेवटी विचारायचं, "काय कळलं?" कारण दादाला एक वाईट खोड होती. कळलं नाही की तो मान हलवायचा. दोनदा, सावकाश, अगदी शहाण्यासारखी. बाहेरच्या लोकांना वाटायचं, काय समजूतदार माणूस आहे! बहिरा आहे हे तो कोणाला सांगायचा नाही, आणि आम्हीही सांगायचं नाही असं त्यानं बजावलं होतं. आता निवृत्त झाल्यापासून तो शेजारपाजारच्या कुकरच्या शिट्ट्या दुरुस्त करतो. दुरुस्त झाली की वाजते का ते बघायला जिन्यातून मला हाक मारतो. मी वरच्या मजल्यावर शिवणकाम करते. अर्धा डगला मशीनवर टाकून मला खाली पळावं लागतं, आणि त्याच्यासमोर उभं राहून "वाजते" असं सांगावं लागतं.

तर अशा घरात वाढलेली ही मुलगी इंजिनियर झाली आणि लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. सहा महिने उमेदवारी, मग साहेबांना पसंत पडली तर कायम. पहिल्या दिवसासाठी फिकट निळा शर्ट मी शिवला. खांदा असा बसवला की कपड्यांच्या दुकानातल्या बाहुलीलासुद्धा बरोबर आला असता. मी तिला म्हटलं, "माणूस दारातून आत येतो ना, तेव्हाच लोक अर्धं ठरवून टाकतात." ती म्हणाली, "आणि उरलेलं अर्धं?" मी म्हटलं, "ते आपण ठरवायचं." छान वाक्य होतं. पण शर्टापुरतंच कामाला आलं.

कारण पहिल्या आठवड्यातच लोकांनी तिच्याबद्दल मत करून टाकलं. ही मुलगी टक लावून बघते. बोलायच्या आधी टेबल वाजवते, जणू वर्गातली बाई. "साहेब, पंचवीस नंबरचा दोर. झिजलाय," असं तुटक बोलते. आवाज खणखणीत, हसू नाही. आणि एकदा तर कहर झाला. साहेबांना काहीतरी समजावून झाल्यावर सवयीनं ती त्यांनाच म्हणाली, "काय कळलं, सांगा बघू." साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खोलीतल्या बाकीच्यांनी खाली बघून हसू दाबलं.

ही सगळी हकिकत मला संध्याकाळी कळायची. घरी जाण्याआधी ती माझ्याकडे वर यायची, बूट काढायची आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसायची. मी म्हटलं, "अगं, सांगून टाक ना. म्हणावं, वडिलांना ऐकू येत नाही, म्हणून अशी सवय."

"नाही."

"का नाही?"

"बाबांना आवडणार नाही. आणि मला बाबांच्या कानांचं भांडवल करायचं नाही, आत्या. मला माझ्या कामावर कायम व्हायचंय."

मला राग आला, आणि अभिमानही वाटला. हे दोन्ही एकाच वेळी होतं हे ज्यांच्या घरात हट्टी मुली आहेत त्यांना सांगायला नको.

मग कंपनीनं एक प्रशिक्षणवाल्या बाई बोलावल्या. नवीन मुलांना बोलायचं कसं, बसायचं कसं, नाराज गिऱ्हाईक कसं हाताळायचं, हे शिकवायला. मी त्या बाईंना न बघताच खूप बोल लावले. पण खोटं कशाला बोलू, त्यांनी काही गोष्टी चांगल्या शिकवल्या. आत गेल्यावर आधी माणसाकडे बघून हसा, मग कामाला लागा. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या. प्रश्न विचारताना त्याची परीक्षा घेतोय असं वाटू देऊ नका. हे मलाही कोणी वेळेवर शिकवलं असतं तर माझी चार गिऱ्हाइकं तुटली नसती. पण भोंगानं त्यातलं निवडून काही घेतलं नाही. तिनं सगळंच घेतलं, आणि वर स्वतःची भर घातली. आवाज खाली आणला. नजर इकडेतिकडे फिरवायला शिकली. ऑफिसात सगळे बोलतात तसं ती बोलायला लागली. म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. "दोर झिजलाय" याच्या जागी "दोराच्या संदर्भात थोडंसं बघून घेता आलं तर बरं होईल, असं मला वाटतं." बोलताना अर्धवट हसायचं आणि हाताची बोटं हनुवटीशी ठेवायची.

साहेब खूश. "आता कशी माणसांत आली," असं म्हणाले म्हणे.

सवय ऑफिसात टांगून ठेवता येत नाही. कोट तरी ठेवता येतो. ती घरीही तशीच बोलायला लागली. हळू, तोंडातल्या तोंडात, फ्रीजमध्ये डोकं घालून. टेबल वाजेनासं झालं. दादा समोर बसलेला असायचा, तिचे ओठ शोधत. आणि मग एक दिवस मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ती ऑफिसातलं काहीतरी सांगत होती आणि दादानं मान हलवली. दोनदा, सावकाश.

त्याच्या पोटच्या पोरीपुढे! माझ्या हातातला चहा गार झाला. तिला वाटलं त्याला कळलं, आणि ती उठून गेली.

त्यानंतर काही दिवसांनी दादा वर माझ्याकडे आला. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "मला चष्मेवाल्याकडे घेऊन चल. हिला सांगू नकोस." ही म्हणजे वहिनी.

"काय झालं डोळ्यांना?" मी त्याच्यासमोर येऊन विचारलं.

"अंधूक दिसतंय. पोरीचं बोलणं वाचता येत नाही."

मी त्याला घेऊन गेले. चष्मेवाल्यानं त्याला उंच खुर्चीवर बसवलं, एकेक काच डोळ्यापुढे धरली आणि समोरच्या फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. दादानं वरची ओळ वाचली, मधली वाचली, सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळही घडाघडा वाचली. चष्मेवाला खण उघडून त्यात बघत बघत म्हणाला, "या वयात असे डोळे फार कमी बघायला मिळतात. काही लागणार नाही." दादानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला समोरून सांगितलं, "डोळे उत्तम आहेत."

मला वाटलं त्याला आनंद होईल. तो खुर्चीवरून उतरला, शर्टाची बटणं उगाचच नीट केली, आणि रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "डोळे चांगले आहेत, म्हणजे ती माझ्याशी बोलत नाही."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ ऐकून घेतलंय. नवऱ्याकडच्यांचं, गिऱ्हाइकांचं, घरमालकाचं. पण असं वाक्य कोणी माझ्या छातीत खुपसलं नव्हतं. डोळे बिघडले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं. त्याला काचा लावता आल्या असत्या.

संध्याकाळी भोंगा वर आली, गठ्ठ्यावर बसली, आणि बोटं हनुवटीशी नेऊन म्हणाली, "आत्या, परवाच्या मीटिंगच्या संदर्भात थोडंसं..."

"हात काढ तोंडावरून," मी म्हटलं.

"काय?"

"हात काढ! आणि उचलली जीभ लावली टाळ्याला असं मी करत नाहीये, ऐक नीट. आज तुझ्या बापाला चष्मेवाल्याकडे नेऊन आणला. का ठाऊक आहे? त्याला वाटलं तो आंधळा व्हायला लागलाय. कारण त्याला तुझं बोलणं दिसत नाही."

सगळं सांगितलं. मान हलवल्याचंही सांगितलं. ती रडली. मी तिला रडू दिलं, कारण ते रडणं तिच्या हक्काचं होतं. थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाली, "परवा माझी परीक्षाच आहे, आत्या. गिऱ्हाइकांसमोर साहेब मला बोलायला लावणार आहेत. त्यावर ठरणार, कायम की नाही. जुन्यासारखी बोलले तर घालवतील मला."

"आणि नव्यासारखी बोललीस तर बाप घालवशील," मी म्हटलं. "कपडा अंगाला होत नसेल तर उसवून परत शिवतात. अंग नाही कापत."

ती खाली गेली. थोड्या वेळानं खालून टेबलावरची टकटक ऐकू आली. मग तिचा खणखणीत आवाज. त्या रात्री ती बापाशी किती वेळ बोलत होती ते मला माहीत नाही. पण दादाच्या हसण्यानं माझी झोपमोड झाली, आणि मी तक्रार केली नाही.

आता मीटिंगचं. मी तिथे नव्हते. तिनं सांगितलं ते, आणि नंतर साहेबांनीही दुजोरा दिला ते. मीठमसाला माझा असेल तर तो चवीपुरताच.

एका उंच जुन्या इमारतीतल्या दोन लिफ्ट बदलायच्या होत्या. मीटिंग त्याच इमारतीच्या हॉलमध्ये होती. रहिवाशांच्या समितीतून दोघं आले होते. अध्यक्षीणबाई आणि एक मोठ्या मिशांचे गृहस्थ. साहेबांनी दिवे घालवले, पडद्यावर चित्रं दाखवली आणि पडद्याकडे तोंड करून बोलले. काम टप्प्याटप्प्यानं होईल, रहिवाशांची गैरसोय कमीत कमी राहील या दृष्टीनं नियोजन केलेलं आहे, वगैरे. असली वाक्यं ऐकायला गोड लागतात, हाताला मात्र काही लागत नाही. शेवटी साहेब म्हणाले, "तर असं आहे. पुढचं आमची नवीन इंजिनियर सांगेल."

आणि अंधारात, पडद्याच्या उजेडात, भोंगानं अध्यक्षीणबाईंकडे पाहिलं. बाई मान हलवत होत्या. दोनदा, सावकाश.

ती मला म्हणाली, "आत्या, ती मान मी कुठेही ओळखेन."

ती उठली आणि तिनं दिवे लावले. साहेबांच्या कपाळावर आठी आली. ती पडद्याजवळ गेलीच नाही. टेबलाला वळसा घालून त्या दोघांच्या समोर येऊन उभी राहिली. आधी हसली. हे त्या प्रशिक्षणवाल्या बाईंचं. मग त्यांच्या डोळ्यांत बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुढचं सांगण्याआधी एक विनंती आहे. आत्तापर्यंतचं तुमच्यापर्यंत काय पोहोचलं ते मला सांगाल का? आमचं सांगायचं काही राहिलं असेल तर मला कळेल."

बघा हं. प्रश्न तोच, घरातला. पण परीक्षा समोरच्याची नाही, स्वतःची. इतक्या महिन्यांत तिनं जे उसवलं आणि शिवलं, ते या एका वाक्यात नीट बसलं होतं.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "हेच की, एक लिफ्ट बंद असेल तेव्हा दुसरी चालू राहणार. पूर्ण कामभर."

मिशीवाले म्हणाले, "छे! मला वाटलं काम रात्री आहे. दिवसा दोन्ही चालू."

साहेब हातातला पेन फिरवत होते, तो थांबला. कारण दोन्ही चूक होतं. काम दिवसा होतं, एकेक लिफ्ट बंद ठेवून. पण शेवटी दोन्ही लिफ्टना वीज देणारं मुख्य पॅनेल बदलताना दोन दिवस दोन्ही लिफ्ट बंद राहणार होत्या. साहेबांनी ते सांगितलं होतं. पाचव्या की सहाव्या चित्रात, बारीक अक्षरात.

"मुख्य पॅनेल," भोंगा म्हणाली. "ते बदलताना दोन दिवस दोन्ही लिफ्ट बंद. पूर्ण बंद."

अध्यक्षीणबाईंचा चेहरा उतरला. "अहो, नवव्या मजल्यावर आमचे एक गृहस्थ आहेत. एक दिवसाआड चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यात न्यावं लागतं त्यांना. एक फेरी चुकली तर जिवावर बेतेल. आधी का नाही सांगितलंत?"

पूर्वीची भोंगा असती तर म्हणाली असती, सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. मधली भोंगा असती तर म्हणाली असती, त्या संदर्भात थोडंसं बघून घेऊ. ही म्हणाली, "आम्ही स्पष्ट सांगायला हवं होतं. आता सांगा, ते कोणत्या वारी जातात?"

"सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"शनिवार, रविवार नाही?"

"नाही."

ती साहेबांकडे वळली. "साहेब, पॅनेल शनिवार-रविवारी बदलता येईल?"

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "येईल. येईल की." मग मिशीवाल्यांनी आपण होऊन सगळं पहिल्यापासून बोलून दाखवलं, वारांसकट, आणि या वेळी ते बरोबर होतं. तिथेच सह्या झाल्या.

परत येताना साहेब तिला आपल्या गाडीतून घेऊन निघाले. सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "त्यांना कळलं नाहीये हे तुला कसं कळलं?"

ती म्हणाली, "माझ्या बाबांना ऐकू येत नाही. काही कळलं नाही की ते तशी मान हलवतात." मग म्हणाली, "मी टेबल वाजवते ना, तेही त्यांच्यासाठीच. आज त्यांना विचारूनच सांगतेय."

म्हणजे त्या हसण्याच्या रात्री हेही बोलून झालं होतं! मला कोणी काही सांगत नाही.

साहेबांनी गाडी ऑफिसकडे नेण्याऐवजी आमच्या गल्लीत आणली. मी जिन्याच्या तोंडाशी बटणं निवडत बसले होते, आणि दादा शेजारी पायरीवर कुकरचं झाकण मांडीवर घेऊन बसला होता. भोंगा उतरली आणि मागून साहेब. उंच, गोरेगोमटे, बूट चकाचक. "हे माझे बाबा," ती म्हणाली, आणि साहेब लगबगीनं पुढे आले. बहिऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे जगातल्या प्रत्येक शहाण्याला ठाऊकच असतं. ते दादाच्या बाजूला वाकले, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि असे किंचाळले की समोरच्या खिडकीत दोन डोकी उगवली.

"तुमची! मुलगी! फारच! हुशार!"

दादाला फक्त कानावर गरम वारा लागला असणार. त्यानं झाकण बाजूला ठेवलं. मी वाट बघत होते, आता हलणार मान. इतकी वर्षं बाहेरच्या प्रत्येक माणसापुढे ती हललीच होती.

दादा उठून उभा राहिला. त्यानं साहेबांचा खांदा धरला आणि त्यांना हळूच फिरवून आपल्या समोर, उजेडात उभं केलं.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा जरा मोठाच असतो, सगळ्या गल्लीनं ऐकलं. "ओरडून काय होणार? इथे उभे राहा. तोंड दिसू द्या. आणि सरळ बोला."

साहेब लाल झाले. मग सरळ उभे राहिले, माझ्या भावाच्या डोळ्यांत बघितलं, आणि न ओरडता, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तुमची मुलगी. नोकरीत कायम झाली."

भोंगानं तोंडावर हात नेला, आणि लगेच खाली घेतला. दादा तिच्याकडे बघून हसला. मग साहेबांचा हात हातात घेऊन त्यानं तो चांगला दाबला.

"आता कळलं," तो म्हणाला. "तुम्हालाही जमेल हळूहळू. नवीन आहात."